पथारीवरची चाळीस पुस्तकं

कोरीटच्या हिलाल पाटलाला त्या सालात मिळण्यासारखं होतं ते एवढंच: एक खुर्ची. तीही वेताची, हात नसलेली. पण ती नंदुरबारच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळात होती. तिच्या एका अंगाला वकीलसाहेब बसत, दुसऱ्या अंगाला कापसाच्या जिनिंगचे मालक, आणि वर्षातून एकदा मामलेदार आले की सगळ्या मंडळाचा फोटो निघे. हिलालकडे साठ बिघे जमीन होती, दोन बैलजोड्या होत्या, विहिरीला बारमाही पाणी होतं. फोटो मात्र एकही नव्हता. त्याच्या चुलतभावाचा होता. धुळ्याच्या कुठल्याशा सभेतला, पाठमोरा. पण पाठ त्याचीच आहे हे सगळ्या भाऊबंदांना मान्य होतं.

अडचण एका नियमाची होती. वाचनालयाचे चिटणीस रूपचंद मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त होऊनही हजेरीपट न सोडलेला माणूस. मंडळातल्या एका सभासदाने तीन वर्षांत एकच पुस्तक नेलं होतं आणि ते त्याच्या घरी हलत्या टेबलाच्या पायाखाली सापडलं. तेव्हापासून मास्तरांनी नियम करून टाकला: निवडणुकीला उभं राहणाऱ्याने सरत्या सालात निदान चाळीस पुस्तकं नेलेली आणि वेळेत परत केलेली असावीत. शिवाय पुस्तक परत घेताना मास्तर खिडकीतून दोन प्रश्न विचारत. ते कुठल्या नियमात नव्हतं. ती त्यांची हौस होती.

हिलालला वाचता येत होतं. कापसाचा भाव, कोर्टाचा समन्स, पंचांगातलं नक्षत्र, सगळं. कादंबरीचं दुसरं पान मात्र त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. पहिल्याच पानावर डोळा लागे. पण घरात एक माणूस असं होतं की ज्याचे डोळे फुकट चालले होते. त्याची बायको छबूबाई, शहाद्याकडच्या एका शिक्षकाची मुलगी. माहेरी बापाच्या पेटीतली सगळी पुस्तकं तिने दोनदा वाचली होती. लग्नाला बारा वर्षं झाली, आणि सासरी छापील म्हणावं असं पंचांग होतं, एक पोथी होती आणि साखरेच्या पुड्यांचे कागद होते. ते कागद ती पुडी सोडल्यावर वाचते हे हिलालने पाहिलं होतं. बोलला नव्हता, लक्षात ठेवलं होतं.

चैत्रात एका संध्याकाळी जेवताना त्याने विषय काढला.

"चाळीस पुस्तकं वाचशी का वरीसभरमा?"

"कोन, मी?"

"तू नही तं कोन? मन्हा नाववर आनसू. तू वाच, नि बाजारना दिन सकाळे मले दोन गोष्टी सांग. मास्तर इचारस."

छबूबाईने भाकरी उलटली. "नि चाळीस व्हयनात मंग?"

"मंग काय? मंग संपनं. खुर्ची भेटनी का पुस्तकंसनं काय लोणचं घालनं शे?"

तिने मान हलवली. तो समजला, होकार आहे. होकारच होता. पण त्याच घटकेला छबूबाईने हिशेब मांडून टाकला होता: चाळीस मिळणार, एक्केचाळिसावं नाही. नवरा निवडून आला तर पुस्तकं बंद, पडला तर रागाने बंद. एका सालाची मेजवानी होती आणि पुढे पुन्हा साखरेच्या पुड्या. हिलालची खुर्ची गेली तर खुर्चीच जाणार होती. तिचं सगळंच जाणार होतं.

पुस्तकं येऊ लागली. दर बाजाराला एक. पहिलं चोराचं आलं, मुखपृष्ठावर पिस्तूल. छबूबाईची सासू भिकुबाई, तिच्या लेखी पुस्तक म्हणजे पोथी आणि पोथी म्हणजे पाट. तिने पुस्तक पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, वर एक फूल. मग ऐकायला बसली. तिसऱ्या प्रकरणात दिवाणजीच्या छातीत सुरा घुसला तेव्हा म्हातारीने कपाळाला हात लावला.

"माय वं! हाई कसानी पोथी शे? देव कव्हय येस यामा?"

"देव नही येस, आत्याबाई. पोलीस येस."

"मंग वाच. थांबू नको."

पुढच्या बाजारी मास्तरांना पिस्तुलावर हळदकुंकू सापडलं. त्यांनी ते फडक्याने पुसलं आणि शेतकऱ्यांची विद्येवरची श्रद्धा या विषयावर घरी बायकोला थोडं सांगितलं.

पावसाळाभर छबूबाईने जे येईल ते वाचलं. राजकन्यांचं, संन्याशांचं, बंगालीतून आलेलं, इंग्रजीवरून बेतलेलं. विमानातून पडलेल्या जहागीरदाराचं एक, आणि जुळ्या बहिणींचं एक, त्यात कोणती मेली हे शेवटपर्यंत लेखकालाही कळलं नव्हतं. पण तिचा जीव रमला प्रेमाच्या कादंबऱ्यांत. त्यांतली माणसं तिला खरी वाटत असं नाही. त्यांना वेळ फार असतो, हे तिला आवडे. भिकुबाईचं मत वेगळं होतं.

"त्या दोन्ही दिनभर बागमा बठतस. मंग ढोरेसले चारा कोन टाकस?"

"त्यासले ढोरं नहीत, आत्याबाई."

"ढोरं नहीत? नि अशा घरमा पोर देतस?"

दिवाळीपर्यंत चोवीस झाली. दिवाळीनंतर मिरची सुरू झाली आणि वाचनाची जागा बदलली.

नंदुरबारकडे मिरची वाळते ती पथारीवर. उघड्या मैदानात लाल मिरचीचा एवढा मोठा पसारा की दुरून पाहणाऱ्याला वाटावं, कुणाचं तरी भलं मोठं लग्न आहे. कडेला बायका ओळीने बसतात, वाळलेल्या मिरचीचे देठ खुडतात, टोपल्या भरतात. हिलालच्या पथारीवर त्या साली विसरवाडीकडच्या पाड्यांवरून बारा बायका आल्या होत्या. त्यांच्यावर लक्ष ठेवायला पाटलीण बसायची, आणि पाटलीण बसायची म्हणजे पुस्तकही बसायचं, ऐकायला भिकुबाईही. पण मिरचीचा खकाणा घशात जातो. चौथ्या दिवशी छबूबाईचा आवाज बसला. ती मनातल्या मनात वाचू लागली, तर मागून कुणीतरी म्हणालं,

"पाटलीणबाई, पान उलटू नका. माझी शेवटची ओळ राहिली."

छबूबाईने वळून पाहिलं. सुसाना नावाची, तिशीतली, नवऱ्यामागे दोन मुलं वाढवणारी बाई. घरची बोली डोंगरातली, पण मिशनच्या शाळेत चार वर्षं गेलेली, म्हणून सगळ्या पथारीवर पुस्तकासारखी मराठी बोलणारी तेवढी एकटीच.

"तुले वाचता येस? मंग इतला दिन बोलनी काबरं नही?"

"कोणी विचारलं नाही."

"मोठ्यानं वाचशी?"

"वाचीन. पण माझी टोपली?"

व्यवहार तिथल्या तिथे ठरला. सुसाना वाचील तेवढा वेळ तिच्या टोपलीतली मिरची पाटलीण खुडील. पाटलाची बायको मजुरणीची टोपली भरते आहे हे पाहून बाकीच्या बायका पहिल्या दिवशी गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला देठ मुळापासून कसा तोडायचा ते शिकवलं. तिसऱ्या दिवसापासून तिला हळू हाताची म्हणून टोमणे मारू लागल्या.

त्या पथारीवर रडायला कारण लागत नसे. डोळे सगळ्यांचेच वाहत. कादंबरीतला डॉक्टर आपल्या क्षयी रोग्याच्या उशाशी फुलं ठेवून गेला तेव्हा बारा बायकांनी पदर डोळ्यांना लावला, आणि कोणाचं पाणी डॉक्टरसाठी, कोणाचं मिरचीसाठी, हे देवाने निवडावं. सुसानाचा आवाज दाटला. "खकाणा आहे," ती म्हणाली, आणि वाचत राहिली.

हिलालच्या नजरेतून मात्र एक गोष्ट सुटली नाही. चोराचं पुस्तक असलं की ऐन मोक्याला बायकांचे हात थांबत. खून होताना कोणी देठ खुडत नाही. प्रेमाचं असलं की हात झपझप चालत, नायक जितका रेंगाळे तितक्या टोपल्या भरत. दहा दिवस टोपल्या मोजून त्याने बायकोला हुकूम सोडला, "आते चोरनं नको. प्रेमनंच आनू. लांबलचक पाहिसन दे म्हनसू मास्तरले."

तिकडे वाचनालयात मास्तरांची जीभ भाजू लागली. परत आलेल्या प्रत्येक पुस्तकाची पानं मोजायची त्यांना सवय होती, कारण लोक शेवटची पानं फाडून ठेवत. मोजायची तीही आंगठा जिभेला लावून. पहिल्यांदा त्यांना वाटलं, विड्यात चुना जास्त झाला. दुसऱ्यांदा बायकोच्या आमटीला बोल लावला आणि दोन दिवस गार जेवण सोसलं. तिसऱ्या वेळी त्यांनी पुस्तक नाकाशी नेलं, दोनदा शिंकले, आणि पानांच्या कोपऱ्यावर लाल बोटं उमटलेली पाहिली. पुस्तक हिलाल पाटलाचं.

खरी गोष्ट त्यांच्या पुढ्यात पडली होती. पण मास्तरांनी हयात निबंध तपासण्यात घालवली होती, त्यांना त्यात निबंधच दिसला: भर उन्हात, पथारीवर, मजुरांच्या जोडीने बसून, एका हाताने मिरची आणि एका हाताने पान उलटणारा शेतकरी. त्यांचा ऊर भरून आला. पुढच्या बाजारी त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून हिलालचा हात धरला.

"पाटील, मला सगळं कळलं आहे."

"काय कळनं?"

"ही बोटं! लपवू नका. मार्चअखेर वार्षिक सभा आहे. मतदानाआधी तुम्ही दहा मिनिटं बोलायचं. 'माझं वाचनाचं साल.' मामलेदारसाहेब असतील."

फाल्गुनात चाळिसावं पुस्तक आलं. डोंगरातल्या एका गावी शाळेत शिकवणारी बाई. तिचा ठरलेला नवरा समुद्रापार गेलेला, सहा वर्षं पत्र नाही. गाव म्हणतं, वेडी आहे. ती फळ्यावर बाराखडी लिहिते. सुसानाने ते कधी नव्हे इतकं सावकाश वाचलं. छबूबाईनेही घाई केली नाही, शेवटचं होतं. दोनशे बाराव्या पानावर पत्र आलं, समुद्रापारचं, आणि बाईने ते न फोडता टेबलावर ठेवलं. तिथे दिवस मावळला.

"उद्या," सुसाना म्हणाली.

पण मुकादम एक दिवस आधीच बैलगाड्या घेऊन आला. मिरची संपली होती, मजूर ठेवायला कारण नव्हतं. छबूबाई पथारीवर पोचली तेव्हा गाड्या पार रस्त्याला लागल्या होत्या. भिकुबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. म्हातारी म्हणाली, "आते सुसानाले कोन सांगी, चिठ्ठीमा काय व्हतं ते?"

घरी आल्यावर उरलेली पानं छबूबाईने सासूला वाचून दाखवली. बाई पत्र फोडते. तो परत येणार असतो, एवढीच अट असते की तिने शाळा सोडावी. ती उत्तरच लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत जाते आणि फळा पुसते. संपलं.

सभेला आठ दिवस उरले तेव्हा हिलाल बायकोसमोर मांडी घालून बसला. "सांग आते. चाळीसच्या चाळीस."

छबूबाईने एक कागद पुढे केला. वाचनालयाच्या सभासदत्वाचा अर्ज. नाव तिचं. खाली दोन सभासदांच्या शिफारशी लागत, दोन्ही जागा कोऱ्या.

"हाई काय?"

"पहिले सही."

"बाईमाणूस सभासद? एक तरी शे का तठे?"

"नही. म्हनीसन दुसरी सही कोनी करावं नही. तुमनं काय जास?"

ते हिलालला पटलं. दुसरी सही मिळणार नाही याची त्याला खात्री होती, आणि जी गोष्ट होणार नाही ती द्यायला त्याचा हात कधी आखडत नसे. त्याने सही केली. मग आठ संध्याकाळी, ताटावर, छबूबाईने चाळीस पुस्तकं त्याला सांगितली. तिने त्यात काही कसूर केली नाही, मीठ-मसाला कमी केला नाही. पण एका ताटावर पाच कादंबऱ्या वाढल्यावर भात कुठला आणि कढी कुठली हे जेवणाऱ्याने सांभाळायचं असतं.

सभेला दिवाणखाना भरला होता. पुढे खुर्च्या, मागे सतरंजी, आणि डाव्या हाताला चिकाच्या पडद्याआड बायका. मामलेदारांच्या पत्नी आल्या होत्या म्हणून चिक लावला होता. चिक होता म्हणून भिकुबाई आणि छबूबाईही आल्या. हिलाल उठला. सुरुवात बरी केली. मिरचीवर बोलला, प्रेमाच्या कादंबऱ्यांनी टोपल्या कशा भरतात ते सांगितलं. लोक मोकळं हसले, मामलेदारांनी टेबलावर बोटं वाजवली. त्या बोटांनी त्याचा घात केला. त्याला जोर चढला.

"आणि आता शेवटचं पुस्तक," तो घशातून शुद्ध मराठी काढत म्हणाला. "एक मास्तरीणबाई असते. तिला पत्र येतं. ती शाळा सोडते, आणि त्या... त्या डॉक्टरसंगे लग्न लावून..."

"चूक सांगी ऱ्हायना तू, हिलाल!"

आवाज चिकामागून आला. सभा वळली.

"माय, गप बस," हिलाल पुटपुटला.

"गप काबरं बसू? ती कोनलेच करत नही. ती शाळा सोडत नही! डॉक्टर दुसरा पुस्तकमा शे, तो तं त्या खोकलावाली पोरकडे व्हता. तुले काय ठाऊक? तू घोरत व्हता. छबूनी वाचं, सुसानानी वाचं, आम्ही आयकं."

हशा असा उठला की बाहेर बैल बिचकले. मास्तर जागच्या जागी उभे होते. त्यांची जीभ आठवणीनेच चुरचुरत असावी. वकीलसाहेब उठून म्हणाले, उमेदवार बाद करा. मास्तरांनी चष्मा लावला, नियमांची वही उघडली, आणि आवाज जराही न चढवता वाचलं: "'नेलेली आणि वेळेत परत केलेली असावीत.' वाचलेली असावीत असं लिहिलेलं नाही. चूक माझी आहे. पाटील पात्र आहेत."

मतं पडली. हिलाल निवडून आला, बऱ्याच मतांनी. ज्याने आपल्याला इतकं हसवलं त्याला पाडायचं कुणाच्या जिवावर आलं नसावं.

गर्दी पांगताना चिकामागून भिकुबाई आली आणि तिने मास्तरांच्या हातात अर्ज ठेवला. त्याच्या कोपऱ्यावर लाल बोट उमटलेलं होतं. मास्तरांनी सवयीने आंगठा जिभेकडे नेला, वाटेतच थांबवला, धोतराला पुसला. मग टेबलापाशी बसून दुसरी सही केली.

"नियम माहीत आहेत ना, बाई?" ते चिकाकडे पाहून म्हणाले. "पंधरा दिवसांत परत. ते परत येईस्तोवर दुसरं नाही. कुणालाच सवलत नाही."

"माहीत शे," आतून उत्तर आलं.

घरी जाताना गाडीत हिलाल एकच वाक्य बोलला: "मन्हा नाववर आते एक कागदनं पान बी येवाव नही." आणि ते त्याने पाळलं. खिडकीशी गेला की लोक विचारत, "काय पाटील, वहिनींसाठी का?" त्यापेक्षा न गेलेलं बरं.

म्हणजे छबूबाईला पुस्तकं मिळायची एकच वाट उरली, तिच्या स्वतःच्या नावाची. एप्रिलच्या पहिल्या बाजारी ती सासूला घेऊन गाडीतून उतरली, खिडकीशी उभी राहिली आणि तिने पुस्तक मागितलं. मास्तरांनी दोनदा विचारलं.

"हे? हे तर तुमचं चाळिसावं. वाचलेलं."

"हां. तेच द्या."

तिथून ती सरळ मोटारी उभ्या राहत त्या नाक्यावर गेली. नवापूरकडे जाणाऱ्या एका ड्रायव्हरला पुस्तक दिलं, फडक्यात बांधून, वर चिठ्ठी: विसरवाडीच्या चहावाल्याकडे ठेवावे, पाड्यावर सुसानाला निरोप द्यावा, ती न्यायला येईल. पान दोनशे बारा.

"छबू," भिकुबाई म्हणाली, "ते पंधरा दिनमा येवाव नही."

"नही येवाव."

"मंग आपले दुसरं कव्हय भेटी?"

छबूबाई गाडीत बसली. भिकुबाई कोरीट येईपर्यंत बडबडत होती.

पुस्तक एप्रिलमध्ये आलं नाही, मेमध्ये आलं नाही. पावसाळ्यात तर नाल्यांना पाणी, मोटारीच बंद. मास्तरांनी दोन सूचना पाठवल्या आणि नोंदवहीत छबूबाईच्या नावापुढे तांबडी फुली मारली. त्या पावसाळ्यात पाटलांच्या घरी पुन्हा साखरेच्या पुड्या वाचल्या गेल्या. भिकुबाई कोणत्याही पुडीला विचारी, "पुढे काय व्हयनं?" आणि पुढे फाटलेलं असे.

दिवाळीनंतर मिरची लागली. बैलगाड्या आल्या. सुसाना उतरली ती फडकं छातीशी धरून. पाड्यावर तिने ते पुस्तक पाच घरांत वाचून दाखवलं होतं, दोन घरांत दोनदा. पानांवर मिरचीचं एक बोट नव्हतं. प्रत्येक वेळी हात धुऊन घेतले होते.

"फळा पुसते ना, तिथे मी थांबले," ती म्हणाली. "चार दिवस पुढचं पानच उलटलं नाही. मग उलटलं तर कोरं."

"मले बी तसंच व्हयनं," छबूबाई म्हणाली.

पुस्तक परत गेलं. मास्तरांनी पानं मोजली, पूर्ण होती. आता ते आंगठा भिजवायला टेबलावर पाण्याची वाटी ठेवतात.

तर गोळाबेरीज अशी. मास्तरांची जीभ गेली, ती आठवड्यात भरून आली. हिलालला खुर्ची मिळाली आणि फोटोही, उजव्या टोकाला, समोरून. सुसानाला शेवट मिळाला. त्याची किंमत भरली ती छबूबाईने, सात महिने पुस्तकावाचून, समजून उमजून; आणि भिकुबाईने तितकीच, कोणी तिला विचारलं नव्हतं तरी.